दार्जिलिंगला फक्त एक दिवस देणाऱ्या सहल कंपन्यांना खुलं पत्र

महाराष्ट्रातल्या सहल कंपन्यांचे मालक, टूरचा कार्यक्रम आखणारी मंडळी आणि आमच्यासोबत फिरणारे टूर मॅनेजर, सगळ्यांना स.न.वि.वि.

मी सांगलीची. आमची चौदा जणींची भिशी आहे, अकरा वर्षं झाली चालू होऊन, आणि त्या टूरच्या दोन वर्षं आधी आम्ही ठरवलं की यावेळी सोनं नको, फ्रीज नको, सगळ्यांचे पैसे साठवायचे आणि एकदा हिमालय बघून यायचा. त्यातल्या सहा जणींनी तोपर्यंत तिरुपती सोडलं तर महाराष्ट्राबाहेर पाऊल टाकलेलं नव्हतं. मुलांच्या परीक्षा संपल्यावर मे महिन्यात सात दिवसांची सिक्कीम दार्जिलिंग टूर घेतली, चार रात्री सिक्कीमच्या आणि दोन रात्री दार्जिलिंगच्या. कंपनीचं नाव मी इथे घेत नाहीये, कारण नंतर मी आठ-दहा कंपन्यांची पत्रकं मागवून वाचली आणि दार्जिलिंगचा कार्यक्रम जवळपास सगळ्यांचा सारखाच निघाला. म्हणून हे पत्र सगळ्यांनाच.

त्या दोन रात्रींचं काय झालं ते आधी सांगते. गंगटोकहून निघालो, रस्त्यात ट्रॅफिक, पोचायला रात्रीचे आठ. जेवण झाल्यावर मॅनेजरनी सांगितलं की अडीचला उठायचंय, टायगर हिल नावाच्या टेकडीवर सूर्योदय बघायला. अडीच म्हणजे पहाटेचेसुद्धा नाही, मध्यरात्रीचे. याचं कारण मला नंतर कळलं आणि ते आधी सांगितलं असतं तर आम्ही निदान विचार तरी केला असता. दार्जिलिंग 88 रेखांशावर आहे, आपलं सांगली साधारण साडेचौऱ्याहत्तरवर, घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच, त्यामुळे मे महिन्यात तिथे पावणेपाचलाच सूर्य उगवतो, जेव्हा आपल्याकडे अजून तासभर अंधार असतो. तर उठलो, आदल्या दिवशी गंगटोकहून आम्हाला आणणारा ड्रायव्हरच परत गाडीला होता, तो बिचारा रात्री गाडीतच झोपला होता हे मी काचेवरचं दव बघून विचारलं तेव्हा कळलं. घूम गावाच्या पुढे जीपांची रांग लागली, वर पोचलो तर पाय ठेवायला जागा नाही, आणि समोर पांढरं ढग. सूर्य दिसला नाही, कांचनजंगा दिसलं नाही, सगळे मोबाईल वर धरून ढगाचे फोटो काढत होते. आमच्यातल्या एकीला थंडीनं चक्कर आली, तिला खाली गाडीपर्यंत आणायला वीस मिनिटं लागली.

परत येताना बतासिया लूपला, म्हणजे टॉय ट्रेनच्या गोल वळणाला, दहा मिनिटं, घूमच्या मठात पंधरा मिनिटं, हॉटेलवर नाश्ता, आणि मग बाहेर पडलो तर दिवस होता गुरुवार. हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट आणि त्याला लागून असलेलं पद्मजा नायडू प्राणिसंग्रहालय, दोन्ही गुरुवारी बंद असतात. दर गुरुवारी, वर्षानुवर्षं. तेनझिंग नोर्गेंचं साहित्य जिथे ठेवलंय ते म्युझियम, रेड पांडा, हिमबिबट्या, ज्यांच्यासाठी माझी भाची मला चार वेळा फोन करून सांगत होती की आत्या फोटो काढ, ते सगळं त्या गेटच्या आत. मॅनेजर म्हणाला, गेटसोबत फोटो काढून घ्या. टॉय ट्रेनचं तिकीट मिळालं नाही, पत्रकात बारीक अक्षरात ‘उपलब्धतेनुसार’ लिहिलेलं होतं म्हणे. मग एका रस्त्याकडेच्या चहामळ्यात पन्नास-पन्नास रुपये भाड्यानं ड्रेस आणि पाठीवर टोपली घेऊन फोटो, मग एका दुकानात चहाखरेदी, मग पॅकिंग, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बागडोगरा विमानतळ.

अशानं आमचं दार्जिलिंग ‘झालं’. आमच्या अनिताबाईंना (नाव बदललंय) घरी आल्यावर सुनेनं विचारलं कसं होतं, तर त्या म्हणाल्या, गर्दी होती आणि धुकं होतं. दोन वर्षं महिन्याला पंधराशे रुपये बाजूला काढणाऱ्या बाईचं हे उत्तर ऐकून मला जे वाटलं त्यातून हे पत्र आलंय.

कारण मी परत गेले. गेल्या नोव्हेंबरात, मी, माझे मिस्टर आणि माझी आई. आई 72 वर्षांची, दोन्ही गुडघे धरलेले. कुठलीही कंपनी नाही, दार्जिलिंगच्या मुख्य चौकाच्या, म्हणजे चौरस्त्याच्या खाली एका घरात होमस्टे घेतला आणि सहा रात्री राहिलो. त्या सहा दिवसांत जे दिसलं ते तुमच्या कार्यक्रमात का नाही, एवढंच मला विचारायचंय.

पहिली गोष्ट, डोंगर. कांचनजंगा बघायला टायगर हिललाच जावं लागतं असं तुम्ही आम्हाला का सांगता? चौरस्त्यावरून ऑब्झर्व्हेटरी हिलला वळसा घालून एक रस्ता जातो, मॉल रोड म्हणतात, गाड्यांना बंदी, जवळजवळ सपाट, मध्ये बसायला बाकं. गुडघे दुखणारी बाईसुद्धा थांबत थांबत अर्ध्या-पाऊण तासात पूर्ण फेरी मारू शकते. नोव्हेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला उगवतो म्हणजे साडेपाचला उठलं तरी चालतं, आम्ही तोंड धुऊन, चहा पिऊन निघालो. उत्तरेकडच्या वळणावर आई कठड्याला धरून उभी राहिली आणि खाली ढगांच्या रांगेत डोंगर शोधायला लागली, कुठंय कुठंय करत. मी तिची हनुवटी धरून वर केली. डोंगर ढगांच्या वर होता. आपण सह्याद्रीतली माणसं, डोंगर नजरेच्या रेषेत शोधतो, इथे तो आकाशात शोधायचा असतो. 8586 मीटर, जगातलं तिसरं उंच शिखर, आणि सरळ रेषेत साधारण 75 किलोमीटरवर. आई बराच वेळ काही बोलली नाही, मग तिनं पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडले. आमच्या शेजारी एक म्हातारे नेपाळी आजोबा रोजचा फेरफटका मारत होते, तेही तिथे थांबून हात जोडून पुढे गेले. सहा दिवसांत चार सकाळी डोंगर दिसला, दोन सकाळी नाही. आता तुमच्याकडे एकच सकाळ असेल आणि तीही मे महिन्याची तर हिशेब तुम्हीच करा. ऑक्टोबर अखेर ते डिसेंबर हवा स्वच्छ असते, मे महिन्यात धुरकट असतं आणि पावसाचे ढग चढायला लागलेले असतात, तिथल्या चहाच्या टपरीवालीला हे माहितीये, तुम्हाला तर माहिती असणारच. शाळेच्या सुट्ट्या मे महिन्यात असतात म्हणून तुम्ही मे विकता, ते मी समजू शकते, पण मग पत्रकाच्या कव्हरवर नोव्हेंबरातल्या कांचनजंगाचा फोटो लावू नका. ‘मे महिन्यात शिखर दिसण्याची शक्यता कमी’ अशी एक ओळ टाका. दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच निघणाऱ्या तारखा वाढवा, आमच्यासारख्या, ज्यांची मुलं मोठी झालीत, अशा हजारो बायका नोव्हेंबरात यायला तयार असतील.

या शिखराशी आपलं नातंही आहे आणि एकाही मॅनेजरनं ते आम्हाला सांगितलं नाही. 1955 च्या मे महिन्यात जो ब्राउन आणि जॉर्ज बँड पहिल्यांदा वर पोचले तेव्हा सिक्कीमच्या लोकांना दिलेल्या शब्दाप्रमाणे ते अगदी माथ्याच्या काही फूट खाली थांबले, डोंगर पवित्र मानतात म्हणून, आणि ती प्रथा पुढच्या बहुतेक गिर्यारोहकांनी पाळली. 2019 मध्ये पुण्याच्या गिरिप्रेमी या गिर्यारोहण संस्थेचे दहा जण या शिखरावर गेले. एका ग्रुपमध्ये चाळीस मराठी माणसं कांचनजंगासमोर उभी असतात आणि त्यांना हे कुणी सांगत नाही, सांगतात काय तर पाच मिनिटांत गाडीत या.

टायगर हिलबद्दल अजून एक, आणि हे मला सगळ्यात जास्त लागलंय. ती टेकडी सिंचेल अभयारण्यात येते, 1915 पासूनचं अभयारण्य आहे ते. आणि दार्जिलिंग शहराला पिण्याचं पाणी येतं ते त्याच सिंचेलच्या तलावांतून, एक तलाव 1910 चा, दुसरा 1932 चा. इंग्रजांच्या काळातल्या छोट्या गावासाठी बांधलेले, आज शहराची वस्ती लाखाच्या वर गेलीये आणि वरून आपण पर्यटक. म्हणजे रोज पहाटे आपण शेकडो जीपा घेऊन, दिवे लावून, हॉर्न वाजवत त्याच जंगलातून वर जातो ज्याच्यातून त्या माणसांचं पाणी झिरपतं. 

आमच्या घरमालकीण, त्यांना आम्ही दिदी म्हणायचो, पहिल्याच दिवशी त्यांनी आईला दोन बादल्या दाखवल्या, एक आंघोळीची, एक बाकीची, आणि हात जोडून सांगितलं की आमा, एवढ्यात भागवा. रस्त्याच्या कडेनं गटारावरून पाण्याच्या पाईपांचे जुडगे गेलेले दिसतात, बोटभर जाड, गंजलेले, ठिकठिकाणी चिंधी बांधलेली, प्रत्येक पाईप कुणाच्या तरी घरचा. नळाला पाणी रोज नसतं, मग टँकर नाहीतर ढकलगाडीवरून कॅन विकत घ्यायचे. डोंगरातले जुने झरे, तिथे त्यांना धारा म्हणतात, काही अजून वाहतात, तिथे सकाळी डबे घेऊन रांग असते. मी मिरजेजवळची बाई आहे, 2016 साली आमच्या मिरजेहून लातूरला रेल्वेच्या डब्यांतून पाणी गेलं ते आम्ही स्टेशनवर जाऊन बघितलंय, पाण्याची रांग म्हणजे काय ते मला कळतं. आणि मला आठवलं की मे महिन्यातल्या आमच्या हॉटेलात चाळीस जणांनी टायगर हिलहून आल्यावर गरम पाण्यानं आंघोळी केल्या होत्या, वर तक्रार केली होती की पाण्याला धार नाही. आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. तुम्ही निघायच्या आदल्या आठवड्यात मीटिंग घेता, त्यात स्वेटर किती आणायचे, औषधं कुठली, सगळं सांगता, त्यात पाण्याचं पाच मिनिटं सांगा. मराठी माणूस एवढा अडाणी नाहीये, सांगितलं तर ऐकेल.

मग टॉय ट्रेन. ही गाडी 1881 मध्ये दार्जिलिंगपर्यंत पोचली, 1999 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात गेली, रूळ दोन फुटांचे, आपल्या नेरळ-माथेरानसारखेच, फक्त माथेरानची गाडी 1907 ची म्हणजे दार्जिलिंगची ही तिची मोठी बहीणच. घूम स्टेशन 2258 मीटरवर आहे. कळसूबाई 1646 मीटर. महाराष्ट्राच्या सगळ्यात उंच टोकाच्या सहाशे मीटर वर रेल्वे स्टेशन, तिथे एक छोटं म्युझियम, आणि दुकानांच्या एवढ्या जवळून गाडी जाते की हात काढला तर टांगलेली मोज्यांची जोडी हाताला येईल. इंजिन वाफेचं असेल तर मध्येच पाणी भरायला थांबतं, कोळशाचे कण तोंडावर येतात, आई म्हणाली लहानपणी मिरज-पंढरपूरच्या छोट्या गाडीत असंच व्हायचं. दार्जिलिंग-घूम-दार्जिलिंग जॉयराइड साधारण दोन तासांची, बतासिया लूपला दहा मिनिटं थांबते, तिथे रुळांचा चढ कमी करायला रुळांचा गोल केलाय आणि मधोमध गुरखा सैनिकांचं स्मारक आहे, 1995 चं. गाडीतले सगळे फोटो काढायला पळाले, आम्ही तिघं स्मारकावरची नावं वाचत राहिलो. या जॉयराइडचं तिकीट ऑनलाइन आधी काढता येतं, माझ्या मिस्टरांनी, ज्यांना मोबाईलवर लाईटबिल भरायला जमत नाही त्यांनी, पंचवीस दिवस आधी बसून काढलं. तुमच्या ऑफिसात माणसं आहेत, तारखा सहा महिने आधी ठरलेल्या असतात. ‘उपलब्धतेनुसार’ हा शब्द काढून टाका, नाहीतर ट्रेनचा फोटो तरी पत्रकातून काढा.

आणि कृपा करून गुरुवार बघा. कॅलेंडर सगळ्यांकडे असतं. आम्ही यावेळी शुक्रवारी गेलो. ही इन्स्टिट्यूट नोव्हेंबर 1954 ला सुरू झाली, तेनझिंग आणि हिलरी एव्हरेस्टवर पोचले त्याच्या पुढच्याच वर्षी, आणि तेनझिंग नोर्गे तिथे फिल्ड ट्रेनिंगचे पहिले संचालक होते. 1986 मध्ये ते दार्जिलिंगलाच वारले, त्यांची समाधी तिथेच आवारात आहे, शेजारी पुतळा. आत जुने दोर, जड बूट, ऑक्सिजनची नळकांडी. आपल्याकडची ट्रेकिंगवाली किती पोरं-पोरी इथे बेसिक कोर्स करून आलीत, माझ्या मैत्रिणीची मुलगी त्यातलीच, 28 दिवसांचा कोर्स. आम्ही तिला तिथून व्हिडिओ कॉल केला, ती रडायलाच लागली. प्राणिसंग्रहालय चढणीचं आहे, आईला दोनदा बसवलं, पण रेड पांडा झाडावर शेपटी सोडून झोपलेला बघून ती म्हणाली आता गुडघ्याचं काही नाही. इथे नुसते पिंजरे नाहीत, रेड पांडा आणि हिमबिबट्या यांची पैदास करण्याचं काम चालतं, काही रेड पांडा जंगलातही सोडलेत. पूर्ण सकाळ लागते याला. तुमच्या कार्यक्रमात दोन्ही मिळून चाळीस मिनिटं.

चहाचं थोडं सविस्तर बोलते, कारण आपण चहावर जगणारी माणसं. मे महिन्यात आम्हाला ज्या दुकानात नेलं तिथे अर्धा किलोचं पाकीट बाराशेला दिलं, घरी आणून दूध-साखर-आलं घालून उकळलं तर रंग नाही, चव नाही, चौदाही जणी म्हणाल्या फसवलं. नोव्हेंबरात दिदींनी मला बसवून शिकवलं की हा चहा उकळायचाच नसतो, पाणी उकळून खाली उतरवायचं, पानं घालायची, झाकायचं, तीन-चार मिनिटं, दूध नको. मार्च-एप्रिलचा पहिला तोडा फिका आणि फुलासारखा, मे-जूनचा दुसरा जरा गडद, ऑक्टोबर-नोव्हेंबरचा शरदातला चहा तांबूस आणि गोडसर. एकाच झाडाचे हे वेगवेगळे चहा. आम्ही हॅपी व्हॅलीपर्यंत चालत उतरलो, 1854 चा मळा आहे, शहराला अगदी लागून, आणि वर यायला टॅक्सी केली. पानं जाळीवर पसरून रात्रभर सुकवतात, मग वळतात, मग पसरून ठेवतात की रंग बदलतो, मग भट्टी, मग चाळणी. भारतात भौगोलिक मानांकन पहिल्यांदा मिळालं ते याच चहाला, 2004 मध्ये, 87 मळे त्यात येतात, आणि तरी धंदा बुडत चाललाय, पूर्वी वर्षाला 1 कोटी किलोच्या वर माल निघायचा तो आता 60 लाखांच्या आसपास आलाय. झाडं म्हातारी झालीत, पाऊस वेळेवर नाही, पोरं शहरात गेलीत, आणि बाहेरचा स्वस्त चहा दार्जिलिंगच्या नावावर खपतो. तोडणाऱ्या बहुतेक बायका, पाठीवर डोको म्हणजे बांबूची टोपली, तिचा पट्टा कपाळाला, आणि 2023 मध्ये त्यांचा रोज 250 रुपये झाला. अडीचशे. आमच्याकडे द्राक्षाच्या थिनिंगला येणाऱ्या बायकांना यापेक्षा जास्त मिळतात. त्या बायकांचा ड्रेस भाड्यानं घालून, हातात पान धरून मी मे महिन्यात फोटो काढलाय, तो मी आता मोबाईलमधून काढून टाकलाय. तुम्ही ग्रुपला दुकानात न नेता मळ्याच्या फॅक्टरीत न्या, चहा करून दाखवायला लावा, तिथूनच विकत घ्यायला सांगा. दुकानाकडून जे काही मिळत असेल ते टूरच्या पैशात उघड लावा, आम्ही देऊ.

जेवणाचं मात्र मी तुमच्या बाजूनं बोलेन. आपल्या चवीचं वरणभात, पोळीभाजी मिळते म्हणून म्हातारी माणसं तुमच्यासोबत निर्धास्त येतात, त्याला नावं ठेवणाऱ्यांनी साखरेच्या गोळ्या खाणाऱ्या आईबापांना घेऊन एकदा फिरून बघावं. फक्त सहा दिवसांत एक वेळ तरी तिथलं खाऊ द्या. आई शाकाहारी, तिला व्हेज मोमो आवडले, लालभडक आलू दम तर कोल्हापूरकरणीलाही चालेल असा, आणि दिदींनी सणाची म्हणून सेल रोटी केली, तांदळाच्या पिठाची तळलेली गोल कडी, आपल्या कडबोळ्याची गोड बहीण. आईनं त्यांना पुरणपोळी करून दाखवली, डाळ शिजायलाच दोन तास गेले उंचीमुळे.

दिदी आणि आई कशा बोलायच्या तेही सांगते. नेपाळी देवनागरीत लिहितात, त्यामुळे दार्जिलिंगच्या बाजारात आई सगळ्या पाट्या मोठ्यानं वाचत चालायची, ‘पसल’ म्हणजे दुकान, ‘चिया’ म्हणजे चहा. चौरस्त्यावर भानुभक्तांचा पुतळा आहे, त्यांनी रामायण नेपाळीत आणलं, आईला लगेच एकनाथ आठवले. एका सकाळी दिदी म्हणाल्या आज राम्रो घाम लागलाय, आई काळजीत पडली की एवढ्या थंडीत हिला घाम कसा. नेपाळीत राम्रो म्हणजे छान आणि घाम म्हणजे ऊन. मग रोज अंगणात बसून दोघी ‘घाम खात’ मटार सोलायच्या. 1992 मध्ये नेपाळी आणि आपली कोकणी एकाच वेळी घटनेच्या आठव्या अनुसूचीत गेल्या, हे मला माहिती नव्हतं, तिथल्या एका मास्तरांनी सांगितलं. भाषा राज्यघटनेत यावी म्हणून ही माणसं किती वर्षं झगडली हे त्यांच्या तोंडून ऐकताना मला आमच्या सीमाभागातले, बेळगावचे नातेवाईक आठवत होते.

आजूबाजूचंही तसंच. कर्सियांगला गिद्धापहाडवर नेताजींना 1936 मध्ये स्थानबद्ध ठेवलेलं घर आहे, आता म्युझियम, तुमच्या गाड्या जवळून जातात आणि थांबत नाहीत. भगिनी निवेदिता 1911 मध्ये दार्जिलिंगला ज्या घरात वारल्या, ते रॉय व्हिला शहरातच आहे. तिबेटी निर्वासितांचं 1959 चं केंद्र आहे, तिथे म्हाताऱ्या बायका लोकर काततात. महाकाल मंदिरात पुजारी आणि लामा दोघं शेजारी बसतात, घंटा आणि पताका एकाच झाडाखाली. तिथेच पूर्वी दोर्जे लिंग मठ होता ज्यावरून गावाला नाव मिळालं. शेवटचे दोन दिवस आम्ही टॅक्सीनं तकदा, तिनचुले ही गावं बघून आलो, तिनचुले म्हणजे खरंच तीन चुली, तीन टेकड्या चुलीच्या दगडांसारख्या. तिथे होमस्टे आहेत, पाणी शहरापेक्षा बरं आहे, डोंगर घरातून दिसतो. तुमचा चाळीसचा ग्रुप चार-पाच घरांत विभागून एक रात्र तिथे राहिला तर शहरावरचा भार कमी होईल आणि पैसा घरोघरी जाईल.

आणि घाई कमी करा, हे मी सोयीसाठी म्हणत नाहीये. आम्ही गेलो त्याच्या महिनाभर आधी, 4 ऑक्टोबर 2025 च्या रात्री दार्जिलिंग जिल्ह्यातल्या मिरिक आणि आसपास ढगफुटीसारखा पाऊस झाला, दरडी कोसळल्या, वीसच्या वर माणसं गेली, दुधियाचा लोखंडी पूल पडला. त्याआधी 2023 च्या ऑक्टोबरात तिस्ता नदीला पूर आला आणि गंगटोकचा रस्ता कितीतरी दिवस बंद-चालू होत राहिला. माळीण आणि इर्शाळवाडी बघितलेल्या राज्यातली आपण माणसं. एका दिवसात गंगटोक-दार्जिलिंग, दुसऱ्या दिवशी सेव्हन पॉइंट म्हणजे एका दिवसात सात ठिकाणं, तिसऱ्या दिवशी विमान, यात रस्ता चार तास बंद पडला तर ड्रायव्हरनं काय करायचं? तो रात्री गाडी पळवतो. सिक्कीम वेगळं करा, दार्जिलिंग वेगळं करा, निदान चार रात्री द्या आणि एक दिवस कोरा ठेवा. पैसे जास्त लागतील हे कळतंय मला. भिशी अजून सहा महिने चालेल, त्यात काय.

मी परत आल्यावर माझे फोटो बघून आमच्या चौदातल्या अकरा जणी म्हणतायत की त्यांचं दार्जिलिंग राहिलंच, परत जायचं. पुढच्या नोव्हेंबरात, दिवाळीचा फराळ आवरला की. पाच रात्री, चार दार्जिलिंगला आणि एक तिनचुलेला. टॉय ट्रेनचं तिकीट पक्कं, टायगर हिल ज्यांना जायचंय त्यांनाच, ड्रायव्हरला रात्री झोपायला खोली. दोघींचे गुडघे खराब आहेत आणि एकीला साखर आहे, म्हणून आम्हाला स्वतंत्र जायचं धाडस नाही, तुमचा माणूस सोबत हवाच आहे. असा कार्यक्रम जी कंपनी करून देईल तिनं दर आणि तारखा कळवाव्यात. इन्स्टिट्यूट आणि प्राणिसंग्रहालयाचा दिवस गुरुवार सोडून कुठलाही चालेल.

आपली,
सांगलीच्या भिशीतली एक प्रवासी